हं म्हणजे थांबा

"पोर गुणी आहे गं, त्यात वाद नाही... पण तिच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीत दगड टाकायचा आणि कान लावून बसायचं. बुडुक् म्हणून आवाजसुद्धा येत नाही."

आता हे वाक्य काही माझ्यासाठी नव्हतं. जिन्यात उभ्या राहून सासूबाई ते काकूंना, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंना, सांगत होत्या आणि मी खाली कारखान्यात गाऊनच्या ढिगामागे फरशीवर बसून, बारकी कात्री घेऊन टाके उसवत होते. अशा वेळी माणसानं काय करायचं असतं, सांगा ना? खोकायचं? काहीतरी पाडायचं? की सरळ उभं राहून 'आई, मी इथंच आहे' म्हणत दात काढायचे? मी यातलं काहीच केलं नाही. एक गाऊन डोक्यावरून ओढून घेतला आणि गप्प बसले. म्हणजे त्या म्हणत होत्या ते जागच्या जागी सिद्ध करून दाखवलं. त्या गाऊनच्या खिशावर काय भरलेलं होतं तेही सांगते, पण जरा दमानं, कारण ते सांगितलं की तुम्ही हसणार, आणि मला आधी माझी बाजू मांडायचीय.

माझी बाजू म्हणजे एक अक्षर आणि त्यावर एक टिंब. हं.

तुम्हाला सांगते, सगळा घोळ त्या 'हं'चा. माझ्या माहेरी 'हं' म्हणजे थांबा. आई काही सांगत असली आणि मी 'हं' म्हटलं, की ती तिथल्या तिथे थांबायची, कारण तिला ठाऊक, कार्टीचं आधीचं गिळून व्हायचंय. मग मी भुवई उचलायची, की पुढचं सुरू. लहानपणापासून हे असंच चाललं, त्यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. आणि सासरी? सासरी 'हं' म्हणजे पुढे. 'हं, मग?' यातला हं. मी आपली काकुळतीला येऊन 'हं' म्हणतेय, म्हणजे थांबा हो, एवढं आत जाऊ दे... आणि समोरचं माणूस, अगं बाई हिला आवडतंय वाटतं, म्हणून दुप्पट वेगानं सुटतंय. मग मी पुन्हा 'हं'. मग ते चौपट. घोडा थांबावा म्हणून लगाम ओढावा आणि घोड्यानं ती टाच समजावी, असली गत.

बरं, हे घर म्हणजे बोलणाऱ्यांचं घर. खाली भरतकामाचा कारखाना, वर राहायची जागा, आणि मधल्या जिन्यातून दिवसभर बोलणं वर-खाली वाहत असतं. भरतकामाचा म्हणजे हातानं नव्हे, यंत्रानं. शाळांच्या शर्टांवर शाळेचं नाव, हॉटेलातल्या लोकांच्या टोप्यांवर हॉटेलचं नाव, ते सगळं आमचं. कारखाना कसला, खरं तर एकच यंत्र. लोखंडी, काळपट, आलमारीएवढं, आणि आवाज असा की वर कपाटातल्या बशा एकमेकींशी बोलायला लागतात. सासऱ्यांचा त्या यंत्रावर फार जीव. सासूबाई त्याला 'यांची थोरली' म्हणतात. "मी काय, नंतर आलेली. आधी थोरलीला तेल, मग मला चहा." आणि सासरे हसत नाहीत, रागावतही नाहीत, फडकं घेऊन थोरलीचा खांदा पुसत राहतात. आता यात माझा नंबर कितवा ते तुम्हीच मोजा.

लग्न जुळवताना माझी एकच जाहिरात झाली होती, मुलीला कॉम्प्युटर कळतो. ते खोटं नव्हतं. मी एका दुकानात फोनवर बसायचे. लोकांचे मॉडेम बंद पडले की ते फोन करायचे, रागानं सगळं सांगत सुटायचे, मी मधून मधून 'हं' म्हणायचे, आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच आठवायचं की वायर लावलीच नव्हती. मला वाटायचं, मी फार हुशार आहे. ती नोकरी मुक्या माणसालासुद्धा जमली असती, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तर घरातला जुना कॉम्प्युटर मेला आणि दुसरा आला. जाहिरात माझी झालेली, त्यामुळे तो बसवायचं काम माझ्याकडे. इथं तुम्हाला थोडं तांत्रिक ऐकावं लागेल. घाबरू नका, दोन कडव्यांचं आहे. आमच्याकडे नक्षी बनवतात मामेसासरे, ते राहतात दुसऱ्या गावी. ती नक्षी फोनच्या तारेतून येते आमच्या मॉडेममध्ये, मॉडेममधून कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटरमधून एक केबल जमिनीतून भोक पाडून खाली थोरलीकडे जाते. कॉम्प्युटरच्या या दोन्ही जोडण्या सिरीयल. सासूबाईंना मी पहिल्याच दिवशी म्हणाले, "ही सिरीयल आहे," तर त्या म्हणाल्या, "कुठली गं? कितीला लागते?"

सिरीयल म्हणजे एकामागून एक, बस, एवढंच. बोगद्यातून माणसं जावीत तशी एकेक खूण जाते. आता बोलणारा असतो कॉम्प्युटर, त्याला काय, तो भडाभडा बोलतो. ऐकणारा असतो हळू. मॉडेमला तेच फोनवरून पलीकडं सांगायचं असतं, थोरलीला तर प्रत्येक अक्षरासाठी सुई खाली-वर करायची असते, ती बिचारी किती धावेल? तिच्या पोटात एक छोटा कप्पा असतो, आलेलं तिथं ठेवायचं आणि एकेक काढून शिवायचं. कप्पा भरत आला की ऐकणाऱ्यानं 'थांब' म्हणायचं, रिकामा झाला की 'हं, सोड आता' म्हणायचं. आणि बोलणाऱ्यानं ते ऐकायचं. नाही ऐकलं तर? तर काही नाही. स्फोट होत नाही, धूर निघत नाही. वरून पडणारं जमिनीवर सांडतं आणि कुणालाच कळत नाही. बोलणारा म्हणतो, मी तर सगळं सांगितलं. यातच सगळी गंमत आहे, सांगितलं म्हणजे पोचलं असं त्याला मनापासून वाटतं.

आणि 'थांब' म्हणायच्याही दोन पद्धती. मॉडेमच्या केबलमध्ये ढीगभर तारा असतात, त्यातली एक तार नुसती थांब म्हणायला ठेवलेली. मॉडेमनं त्या तारेवर इशारा केला की कॉम्प्युटर गप्प. म्हणजे वर्गात हात वर करतो तसं, तोंड उघडायची गरज नाही. आणि दुसऱ्या पद्धतीत तारा तीनच. एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. तिथं हात वर करायची सोयच नाही, तिथं 'थांब' हा शब्द बोलण्याच्या तारेतूनच, बाकीच्या शब्दांसारखा, तोंडानंच म्हणावा लागतो.

माहेरी मला सगळ्या तारा होत्या हो. भुवईची, खांद्याची, ताटातली वाटी सरकवायची. आई त्या सगळ्या वाचायची. सासरी आले आणि तीन उरल्या. एक ऐकायची, ती चोवीस तास चालू. एक बोलायची, ती बंद. आणि तिसरी जमिनीची, म्हणजे मान खाली.

ते मॉडेम आधी किंचाळतात ना, जोडले जाताना, ते का माहीत आहे? ते ठरवत असतात. तू किती वेगानं बोलणार, मी किती वेगानं ऐकणार, जमेल का, नाही जमलं तर जरा हळू घे. आधी ठरवतात, मग कामाचं बोलतात. आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या लोकांनी हॉल कुठला ते ठरवलं, जेवायला किती माणसं ते ठरवलं... वेगाचं कुणी काढलंच नाही.

तर मी कॉम्प्युटर बसवत होते. मॉडेमचं झालं, मामेसासऱ्यांची नक्षी आली, पहिल्याच दमात. आता थोरलीचं बाकी. पडद्यावर एक चौकट आली, 'थांब' कसं ओळखायचं ते विचारणारी. तारेनं की शब्दानं? आणि नेमकी त्याच वेळी माझ्याशी तिघं बोलत होती. सासरे डाव्या कानात, सासूबाई उजव्या कानात, काकू दारातून. सासरे म्हणाले असणार, "हे बघ, मॉडेमला हात आहे, तो हात वर करतो. थोरलीला हात नाही. ती तोंडानं सांगते. तशी खूण कर हं." असणार, असं आता म्हणते. मला जे पोचलं ते असं:

"हे बघ, मॉडेमला..." "अगं दूध गॅसवर ठेवलंय मी, लक्ष..." "हात आहे, तो..." "किल्ली कुठंय कपाटाची, मी तिथंच..." "साय धरली की बंद..." "तिथं नाही गं, वरच्या..." "तशी खूण कर हं."

मॉडेमला... तशी खूण कर. म्हणजे मॉडेमसारखीच ना? दुसरं काय? मी विचारायला हवं होतं, मला मान्य आहे. 'बाबा, पुन्हा सांगता का?' एवढेसे चार शब्द. पण नवी सून, जाहिरात झालेली, कॉम्प्युटर कळणारी... ती पुन्हा सांगा म्हणेल? सांगा ना, म्हणेल?

मी आपली म्हणाले, "हं."

मग एक फूल भरून बघितलं. छोटं, पाच पाकळ्यांचं. झकास आलं. शितावरून भाताची परीक्षा. एवढंसं फूल, थोरलीच्या पोटात एका घासात मावलं, तिला थांब म्हणायची वेळच आली नाही. सासऱ्यांनी ते फूल उलटसुलट बघितलं, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "वा." त्या 'वा'वर मी चार दिवस तरंगत होते.

आणि मग आलं दवाखान्याचं काम. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. परिचारिकांचे नवे गाऊन, खिशावर निळ्या दोऱ्यानं ठसठशीत एकच शब्द भरायचा: रुग्णसेवा. अक्षरं मोठी, वळणदार, मामेसासऱ्यांनी जीव ओतलेला. सासरे दोरा आणायला बाहेर गेलेले. काकू खाली थोरलीपाशी कापड लावत होत्या, मी वर पडद्यासमोर. पडद्यावर पट्टी भरत गेली, भरली, अक्षरं आली, 'सर्व पाठवले'. कॉम्प्युटरच तो, खोटं कशाला बोलेल? खालून काकूंनी ओरडून विचारलं, "एवढंच का गं? पुढं काही नाही ना?"

मी म्हणाले, "हं." माहेरचा हं. थांबा, येते, बघते.

त्यांनी ऐकला सासरचा. हं, एवढंच. लावा पुढचा.

आणि मी उठणार, तोच सासूबाई आल्या, त्यांच्या मावसबहिणीच्या गुडघ्याचं सांगायला लागल्या, ते उजव्या गुडघ्यावरून डाव्यावर गेलं, मी 'हं' म्हणाले, ते कमरेत चढलं... थोडक्यात, मी खाली गेले तेव्हा सगळे गाऊन भरून, घड्या घालून, गठ्ठे बांधून दवाखान्यात पोचलेसुद्धा होते. काकूंचा जवळचा चष्मा नेहमीप्रमाणे वर राहिलेला. त्यांचं काही चुकलं म्हणायची सोय नाही. त्यांनी तर विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला, मालकांनी यावं, आणि ज्यांना कॉम्प्युटर कळतो त्यांनाही आणावं.

दवाखान्याचा तो लांब बोळ, जंतुनाशकाचा वास, आणि समोर मेट्रनबाई. उंच, ताठ, हात पाठीमागे. त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "वाचा." सासऱ्यांनी चष्मा लावला. मी न लावताच वाचलं होतं. मेट्रनबाईंच्या खिशावर, निळ्या दोऱ्यानं, ठसठशीत, वळणदार: रुग्ण.

सेवा नाहीच. सेवा जमिनीवर सांडलेली.

"मी रुग्ण दिसते?" मेट्रनबाई म्हणाल्या. सासरे म्हणाले, "छे छे, तुमची तब्येत तर..." आणि मग त्यांना कळलं की हे वाक्य कुठंच जात नाही. "सकाळपासून माझ्या मुली हे घालून हिंडताहेत. वॉर्डातल्या आजोबांनी एकीला आपल्या खाटेवर जागा करून दिली, म्हणाले, बस बाळा, तुला काय होतंय. एकीला नव्या डॉक्टरांनी जीभ दाखवायला सांगितली." मागून एक बारीकसं हसू आलं, मेट्रनबाईंनी नुसती मान वळवली, हसू बंद. त्याला म्हणतात हात वर करणं. "कारखान्यात कुणी वाचत नाही का हो? बाई, तुम्ही. तुम्हाला कळतो ना कॉम्प्युटर? काय झालं हे?"

तुम्हाला सांगते, तेव्हा माझ्या कानाच्या पाळ्या अशा तापल्या की त्यांवर दोन कपडे वाळले असते. आणि मी काय म्हणाले असेन? सांगायला हवं का?

"हं."

परतताना सासरे पुढं, मी मागं. मी म्हटलं, आता मला बोलतील, चांगले बोलतील, आणि मी ऐकून घेईन, सुटेन. तर घरी आल्यावर ते खाली गेले, थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थकली ही. अर्धं ऐकते, अर्धं विसरते. हिला आता त्रास द्यायला नको." परवा सकाळी यायला भंगारवाल्याला निरोप धाडला. दवाखान्याचं काम दुसऱ्या कारखान्यात देऊन टाकायचं. आणि माझ्याकडे वळून, तेही कसं, अगदी मऊ आवाजात, "तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. तुझं काही चुकलं नाही." अहो, याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तर मी उसवत बसले. रुग्णावर रुग्ण उसवत होते. सगळे गाऊन परत आले होते, उसवून निदान कोरे तरी परत द्यावेत, एवढंच माझ्या हाती. नवरा दोनदा येऊन गेला. "काय झालं? बोल ना," म्हणाला, मी तोंड उघडेपर्यंत, "बरं, नंतर बोल," म्हणून गेला. तो स्वभावानं चांगला आहे, फक्त त्याची वाट बघण्याची मुदत फार कमी आहे. आणि तेव्हाच जिन्यात ती विहीर आणि तो दगड.

ते ऐकून एवढंच झालं असतं तर मी गाऊन डोक्यावर घेऊन तिथंच रडले असते आणि गोष्ट संपली असती. पण सासूबाई थांबतात होय? पुढचं ऐका.

"तिला करमत नसेल का गं इथं?" आणि काकू तोंड उघडणार, तोच, "करमतं, न करमायला काय झालं. मग बोलत का नाही? लाजत असेल. की आपलंच काही चुकलं म्हणायचं? छे, आपलं काय चुकणार, आपण तर सारखं बोलतो तिच्याशी. परवा हे थोरलीला देऊन टाकणार, यांचं तोंड बघवत नाही, आणि हिला काही वाटतं का? वाटत असेल. बोलत नाही एवढंच."

काकूंनी एक शब्द काढला नव्हता. सासूबाईंनी विचारलं त्यांनीच, आणि सांगितलंही त्यांनीच.

आणि गाऊनच्या आत बसल्या बसल्या माझ्या हातातली कात्री थांबली. रडायचं राहूनच गेलं. विचारायचं आपण, आणि उत्तरही आपलंच... हे मी कुठंतरी बघितलंय. दुकानात असताना तीन तारांच्या केबलची टोकं उघडून बघायचे ना, त्यात एक लबाडी असायची. 'पाठवू का?' असं विचारणारी जी तार, ती पलीकडे जायचीच नाही. टोकातल्या टोकात वळवून आपल्याच 'पाठव पाठव'ला जोडलेली. कॉम्प्युटर विचारतो, येऊ का? आणि त्याचाच प्रश्न त्याच्याच कानावर उत्तर होऊन येतो, या की! पलीकडचा पोट फुटेस्तोवर भरला तरी इकडं आनंदीआनंद.

त्या दोघी वर गेल्यावर मी थोरलीच्या केबलचं टोक उघडलं. तीन तारा. आणि चौथा एक तुकडा, बोटाच्या नखाएवढा, वळवून स्वतःलाच टाचलेला.

थोरली काही विसरत नव्हती हो. ती सगळा वेळ 'थांब, थांब' म्हणत होती, तिच्या पद्धतीनं, शब्दानं. आणि आम्ही तारेकडे बघत बसलो होतो. तुम्हाला खरं सांगू? मला त्या लोखंडाला मिठी मारावीशी वाटली. घरात माझ्यासारखं दुसरं कुणीतरी होतं, आणि त्याला मीच ऐकलं नव्हतं.

आता सांगायचं. सोपं आहे ना? जायचं आणि सांगायचं. पडद्यावरची खूण मी लगेच बदलली, त्याला काय लागतं, एक टिचकी. पण माणसांना सांगायचं कसं? रात्री जेवताना मी सुरुवात केली. "बाबा, ती थोरली..." "नको विषय," सासूबाई, "त्यांना घास जात नाही." "पण ती केबल..." "केबलपण घेऊन जाईल तो भंगारवाला, काळजी नको." दुसऱ्या दिवशी नवऱ्याला गाठलं. म्हटलं, "ऐक ना, थोरलीला काही झालेलं नाही." तर तो म्हणाला, "हो ना, बाबांनाही तसंच वाटतं, पण मन घट्ट करायला हवं," आणि गेला निघून. त्याच्यामागून बोलत मी दारापर्यंत गेले. दार लागलं. मी दाराला म्हणाले, "हं."

आणि सकाळ उजाडली, भंगारवाला आला. तो आणि त्याचा जोडीदार, दोघं दांडगे. सगळं घर खाली जमलं. सासरे भिंतीकडे तोंड करून दोऱ्याची रिळं लावत होते, जी आधीच लावलेली होती. सासूबाई बोलत होत्या, सांभाळून हो, उंबरा लागेल, तिला धक्का नका देऊ... इतके दिवस जिला सवत धरली, तिच्याचसाठी. काकू बोलत होत्या, हा कोपरा आधी, तो नंतर. नवरा बोलत होता, दार काढायला लागेल का, नाही लागणार. आणि मी मधे उभी. मी म्हणाले, "हं..." म्हणजे थांबा, म्हणजे ऐका. आणि सासूबाई काय म्हणाल्या? "बघा, तिलाही पटतंय. हं म्हणाली. उचला."

आणि त्या दोघांनी थोरलीचा एक कोपरा उचलला.

"थांबा."

मोठ्यानं निघालं. माझंच मला नवीन. इतकं मोठं की वरच्या बशा वाजल्यासारख्या वाटल्या, आणि यंत्र तर बंद होतं. सगळं घर थांबलं. म्हणजे कसं थांबलं, सासूबाईंचं तोंड 'उ'वर, काकूंचं बोट हवेत, सासऱ्यांच्या हातात रीळ. कुणी हलेना. आणि मला थांबा म्हणता आलं होतं, पण थांबल्यावर काय म्हणायचं असतं, त्याची तयारी मी आयुष्यात कधी केलीच नव्हती. सगळे माझ्याकडे बघताहेत, मी जमिनीकडे बघतेय...

भंगारवाला शेवटी म्हणाला, "ताई, ठेवू का? हात सुटतोय."

"ठेवा," मी म्हणाले, "तिला काही झालेलं नाही. ती थांब म्हणत होती. ती ज्या तऱ्हेनं म्हणते ती खूण मी चुकीची लावली होती. बाबांनी सांगितलं होतं, मला अर्धंच पोचलं." एका दमात. मग वर गेले, कारण आणखी खाली उभी राहिले असते तर फरशीत गेले असते, आणि 'रुग्णसेवा' सोडलं.

खालून धडधड सुरू झाली. रु. ग्ण. आणि धडधड बंद. इकडं पडद्यावरची पट्टीही थांबली अर्ध्यावर. खालून सासऱ्यांचा आवाज आला, "अडकली." मी जिन्यात धावले. "नाही बाबा. गिळतेय." अख्खं घर, दोन भंगारवाल्यांसकट, एका सुईकडे बघत उभं. आणि मग तिनं पोट मोकळं केलं, वर कळवलं, आणि सुई टक्कन खाली आली. से. वा.

सासऱ्यांनी ते कापड हातात घेतलं आणि कितीतरी वेळ वाचत राहिले, जणू लांबलचक काहीतरी लिहिलं होतं. भंगारवाल्यांना चहा दिला. ते रिकाम्या हातानं गेले, जाताना एक म्हणाला, "बोलता बोलता वाचली हो." न बोलता मरत होती, हे त्याला काय माहीत.

मग सासऱ्यांनी विचारायचं तेच विचारलं. "पण तुला कळलं कसं?"

मी खोटं बोलायला हवं होतं. एरवी माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, आणि नेमका तेव्हा निघाला. "तार वळवून स्वतःलाच जोडलेली होती, बाबा. तोच विचारणार आणि तोच उत्तर देणार. काल परवा तसंच काहीसं... ऐकलं."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "परवा संध्याकाळी तू कुठं होतीस गं?"

"गाऊनच्या मागं."

झालं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि बघते तर सासूबाईंच्याही तापलेल्या. आणि मग, तुम्हाला सांगते, त्या घरात कधी झालं नाही ते झालं. दुपारभर कुणी बोलेना. जेवायला बसलो, सासूबाईंनी भात पुढं केला, तोंड उघडलं, "तुला अजून थो..." आणि मिटलं. माझ्याकडे बघत राहिल्या. पळी हवेत. सासरे बघताहेत. नवरा घास हातात धरून बघतोय, आणि त्याची मुदत तर कधीच संपली होती, तरी बघतोय. मला वाटलं, रागावल्या. मी आता पुन्हा मेले. आणि मग लक्षात आलं, या वाट बघताहेत. मीच थांबा म्हटलं होतं ना सकाळी? आणि 'सोडा आता' कुणी म्हणायचं असतं? जो थांबवतो त्यानं. तो ते म्हणालाच नाही तर दोन्हीकडचे जन्मभर समोरासमोर बसून राहतात, हा म्हणतो त्याला ऐकायचं नाही, तो म्हणतो याला बोलायचं नाही, आणि दोघांचंही बरं चाललंय असं यंत्राला वाटतं.

हे मला पाठ होतं. लोकांना फोनवर शिकवायचे मी हे.

पळीतला भात गार होत होता. म्हटलं, आता लाज सोडावी, नाहीतर माझ्या पायी घर उपाशी राहील. आणि पुढं काय होणार तेही दिसत होतं, म्हणजे तो मावसबहिणीचा गुडघा कमरेतून निघून कुठवर गेला असेल, ते सगळं माझ्यावरच येणार होतं. असो. मान वर केली, आणि म्हणाले,

"बोला आता, आई. सगळ्यांनी बोला. फक्त एकामागून एक, मला ऐकायची तार एकच आहे... आणि मी 'हं' म्हणाले की थांबायचं, हं?"